जात्याला टाकी लावून झाली, आता दळण कधी?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६ वा, श्लोक ३४ आणि ३५



रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जेवण झालंय, ऑफिसचा लॅपटॉप मिटलाय. आज निदान पंधरा मिनिटं गिटार वाजवायची, असं सकाळी देवापुढे दिवा लावताना ठरवलं होतं. केसमधून गिटार काढली, मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि मनात आलं, 'आवाज जरा मंद येतोय, तारा जुन्या झाल्या की काय?' झालं! मोबाइल हातात आला. फॉस्फर ब्राँझच्या तारा चांगल्या की ८०/२० ब्राँझच्या, यावर एक व्हिडिओ. त्यानंतर दुसरा. मग कुणीतरी ब्रिजवरची पट्टी बदलून आवाज कसा उजळला ते दाखवत होता, तोही पाहिला. साडेअकराला मी गिटार परत केसमध्ये ठेवली तेव्हा कार्टमध्ये तारांचे दोन सेट आणि एक नवीन कॅपो होता. वाजवलं किती? एक तार. एकदा.

आणि गंमत म्हणजे झोपताना समाधान वाटत होतं की आज गिटारसाठी दोन तास दिले.

ही एका रात्रीची गोष्ट असती तर मी लिहिलंच नसतं. पण माझी जवळपास तीन वर्षं अशी गेली. तुमच्यापैकी कुणाचं गिटारच्या जागी कीबोर्ड असेल, कुणाचा कॅमेरा, कुणाची तबल्याची जोडी. आणि आपण सगळेच ज्या वाटेवर आहोत त्या नामस्मरणाच्या बाबतीतही हेच होतं, त्याकडे शेवटी येतो. म्हणून आजचं चिंतन यावर.

अर्जुनाची तक्रार

सहाव्या अध्यायात भगवंत ध्यानाचा मार्ग समजावून सांगतायत. आसन कसं असावं, नजर कुठे असावी, आहार-विहार किती असावा, सगळं नीट सांगून होतं. तेव्हा अर्जुन अगदी आपल्यासारखा बोलतो. तो म्हणतो, देवा, हे सगळं ठीक आहे, पण हे मन फार चंचल आहे. ते घुसळून काढतं, बळकट आहे, हट्टी आहे. त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला मुठीत धरण्याइतकं अवघड वाटतं मला.

आता इथे थांबा आणि भगवंतांचं उत्तर बघा. ते रागावत नाहीत. 'एवढा मोठा धनुर्धर तू आणि एक मन आवरत नाही?' असं टोचून बोलत नाहीत. उलट पहिल्याच शब्दात कबूल करतात की यात शंकाच नाही, मन आवरायला कठीणच आहे. आणि मग सांगतात, पण ते हाती येतं. कशाने? दोन गोष्टींनी. अभ्यास आणि वैराग्य.

मला हा श्लोक शाळेपासून माहीत होता. पण माझ्या डोक्यात अभ्यास म्हणजे पुस्तक आणि वैराग्य म्हणजे भगवी वस्त्रं, असंच काहीतरी होतं. गिटारमुळे मला या दोन शब्दांचा रोजच्या वापरातला अर्थ कळला. अभ्यास म्हणजे पुन्हा त्याच जागी येऊन बसणं. वैराग्य म्हणजे त्या वेळेपुरतं बाकीचं हातातून खाली ठेवणं. दोन्ही एकदम लागतात. हातात मोबाइल धरून गिटार वाजवता येत नाही, इतकं साधं आहे ते.

मन नेमकं कशापासून पळतं?

मी स्वतःला विचारलं, की मला गिटार आवडते, तरी वाजवायची वेळ आली की मी सामानाकडे का वळतो?

ज्यांनी गिटार शिकायचा प्रयत्न केलाय त्यांना 'एफ' कॉर्ड माहीत असेल. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी बाकीचे सूर धरायचे. सुरुवातीला कितीही जोर लावा, दोन तारा मुक्या राहतात, एखादी खरखरते. मनगट दुखतं, बोटांची टोकं लाल होतात. अर्धा तास खटपट केल्यावरही आवाज येतो तो लोखंडी खाट सरकवल्यासारखा. आणि ऐकणारे आपणच असतो. आपण किती कच्चे आहोत हे स्पष्ट ऐकू येतं.

तारा निवडताना असं काही होत नाही. पार्सल उघडताना कुणी कच्चं नसतं. नवीन वस्तू हातात आली की वाटतं, आता आपण चांगलं वाजवणार. ते 'वाजवणार' फार गोड असतं, कारण त्यात चुकायला जागाच नसते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, ३७ आणि ३८ या श्लोकांत, भगवंतांनी सुखाची फार सोपी परीक्षा सांगितली आहे. जे सुख सुरुवातीला विषासारखं कडू लागतं आणि शेवटी अमृत होतं, ते सात्त्विक. जे सुरुवातीला अमृतासारखं लागतं आणि शेवटी विष होतं, ते राजस. बघा, 'एफ' कॉर्ड पहिल्या गटात बसते आणि पार्सल दुसऱ्या. पार्सलचं विष कुठलं? पैसे गेले ते सोडा. खरं विष हे, की काम न करता काम केल्याचं समाधान मिळतं. त्या समाधानाने भूक मरते. जेवणाआधी फरसाण खाल्लेल्या मुलासारखं होतं, ताट वाढलं की नको वाटतं.

गिटारवाल्यांच्या जगात नवं सामान घेत राहण्याच्या या सवयीला थट्टेने रोगाचं नाव दिलंय, 'गिअर अॅक्विझिशन सिंड्रोम'. लोक त्यावर विनोद करतात, मीही करायचो. पण विनोदाआड जे लपलंय ती भीती आहे. वाजवून बघितलं आणि आपल्याला येतच नाही असं निघालं तर? त्यापेक्षा गिटारलाच अजून तयार होऊ दे.

मग वाद्याची काळजी घ्यायचीच नाही का?

घ्यायची. नाहीतर आपण दुसऱ्या टोकाला जाऊ. तारा खरंच गंजतात. फ्रेटबोर्डपासून तारा फार उंच असतील तर शिकणाऱ्याची बोटं उगाच सोलतात, ते जाणकाराकडून एकदा नीट करून घ्यायलाच हवं. बेसूर वाद्यावर कितीही रियाज केला तरी कान बिघडतो.

आपल्याकडे मिरजेत तानपुरे आणि सितार बनतात, तिथल्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली बारीकसा दोरा सरकवून जवारी कशी काढतात ते कधी बघा. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज बदलतो. गवई मैफलीआधी तानपुरा लावायला चांगला वेळ घेतात. त्याला कुणी टाळाटाळ म्हणणार नाही, कारण ते लावणं एका ठिकाणी संपतं. तानपुरा लागला की षड्ज लागतो आणि गाणं सुरू होतं.

आणि वाद्य बदलण्यातही वाईट काही नाही. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या आणि चिकारीच्या तारा जोडून मोहनवीणा केली. त्याच वाद्यावर राय कूडर यांच्यासोबत केलेल्या अल्बमला १९९४ साली ग्रॅमी मिळाला. पण त्यांच्या बोटांना मींड हवी होती, गमक हवी होती, आणि साधी गिटार ते सगळं देत नव्हती. रियाजाने वाद्यापुढे मागणी ठेवली आणि वाद्य बदललं. माझी एक कॉर्डही धड वाजत नव्हती. माझ्या रियाजाने काही मागितलंच नव्हतं, मागत होतं ते माझं कंटाळलेलं मन.

याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट मला फार आवडते. पंडित हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा ते काही नवशिके नव्हते. आकाशवाणीवर काम करून झालं होतं, मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवत होते. पण गुरूंकडे पहिल्यापासून शिकायची आपली खरंच तयारी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरायचा हातच बदलला. उजव्या बाजूला धरायचे ते डाव्या बाजूला धरू लागले. विचार करा, इतक्या वर्षांची बोटांची सवय पुसून पुन्हा पहिला सूर! बासरी म्हणजे बांबूचा एक तुकडा, त्यात बदलायला असतंच काय? त्यांनी स्वतःला बदलायला घेतलं.

आजीचा प्रश्न

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण हे चिंतन तिथूनच सुरू झालं.

मी गिटार घेतली तेव्हा आजी फार खूश होती. तिला गिटार म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं, पण 'वीणेच्या घराण्यातलंच काहीतरी असणार' असं ती म्हणायची. रोज संध्याकाळी तिचा हरिपाठ असतो. तिने मला सांगितलं, "बाळा, हरिपाठ झाला की मी रामकृष्णहरि म्हणते ना, तेव्हा तू वाजव माझ्यासोबत."

मी म्हटलं, "नक्की आजी. थोडं सेटिंग बाकी आहे."

तिने कधी तगादा लावला नाही. दर एकादशीला मात्र एकदा विचारायची, "झालं का रे तुझं ते सेटिंग?" आणि माझ्याकडे दर वेळी खरं उत्तर असायचं. तारा मागवल्यात. पिकअप बसवायचाय. रिव्हर्बचा पेडल आला की आवाज देवळातल्यासारखा घुमेल बघ, तेव्हाच तुला ऐकवतो. एकही गोष्ट खोटी नव्हती. म्हणून तर ते ओळखता आलं नाही.

मागच्या वर्षी एका एकादशीला तिने विचारलं नाही. मला वाटलं विसरली असेल. मग आईने सांगितलं की आजीला आता बरंच कमी ऐकू येतं. मशीन घेतलंय, पण टाळ वाजले की ते कानात कर्कश वाजतं, म्हणून हरिपाठाच्या वेळी ती काढूनच ठेवते.

मित्रांनो, देवळातल्यासारखा घुमणारा आवाज माझ्याकडे होता. पेडल टेबलावर होता, पावतीसकट. ऐकणारा कान तेवढा थांबला नव्हता.

त्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि मोठ्याने सांगितलं, "आजी, माझं चुकलं. मी नुसतं सामानच लावत बसलो." ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अरे, आमच्याकडे जात्याला टाकी लावायला बाई यायची. छिन्नीने खाचा पाडून द्यायची, म्हणजे पीठ बारीक पडायचं. वर्षातून एकदा-दोनदा. दळण मात्र रोज पहाटे. रोजच टाकी लावत बसलो असतो तर खाल्लं काय असतं?"

मी जनाबाईंच्या जात्यावर किती पोस्ट लिहिल्या असतील. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागायचा, ही कथा आपण सगळे सांगतो. पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. विठ्ठल दळताना यायचा. जातं फिरत होतं म्हणून तो खुंटा धरायला आला. नुसत्या टाकी लावलेल्या, कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या जात्यापाशी तो येऊन करणार तरी काय?

आपली जपमाळही केसमध्येच आहे का?

आता आपल्या उपासनेकडे वळू या. जरा प्रामाणिकपणे मोजू या. मोबाइलमध्ये जप मोजायची किती अॅप आहेत? ज्ञानेश्वरीच्या किती पीडीएफ उतरवून ठेवल्यात? आळंदीहून आणलेली तुळशीची माळ, ध्यानासाठी मागवलेलं आसन, ऐकायच्या राहिलेल्या प्रवचनांची यादी, पहाटेचा गजर म्हणून लावलेली काकड आरती. या सगळ्यात वाईट काहीच नाही. पण काल किती नाम घेतलं?

मी स्वतः एकदा जपाचं वेळापत्रक रंगीत तक्त्यात करण्यात पूर्ण रविवार घातला होता. त्या दिवशी एक माळही झाली नाही.

नामातही 'एफ' कॉर्ड असते. डोळे मिटले की दोन मिनिटांत ऑफिसमधलं कुणाचं तरी बोलणं आठवतं, पाय आखडतात, कंटाळा येतो. आपलं मन किती विखुरलंय ते स्पष्ट दिसतं, आणि ते दिसणं आवडत नाही. मग वाटतं, आपल्याला वेगळं आसन हवं, चांगला मार्गदर्शक हवा, आधी थोडं वाचन करू. इथेही तेच होतं, गिटारलाच अजून तयार होऊ दे.

भगवंत अर्जुनाला परिस्थिती बदलून देत नाहीत. उभा आहेस तिथेच, त्याच रथात, त्याच मनाने सुरुवात कर, असाच गीतेचा सगळा सूर आहे.

माउलींची युक्ती

मग मनाला धरायचं कसं? जबरदस्तीने? मी ते करून बघितलं. रोज दोन तास वाजवायचं असा पण केला, चौथ्या दिवशी मोडला.

या श्लोकांच्या ओघात ज्ञानेश्वर माउलींनी मनाबद्दल फार प्रेमाने एक गोष्ट सांगितली आहे. त्यांचं म्हणणं असं, की या मनाची एक गोष्ट चांगली आहे. ज्या जागी त्याला गोडी लागते तिथे ते सोकावतं, पुन्हा पुन्हा तिथेच येतं. म्हणून त्याला कौतुकाने आतल्या अनुभवाचं सुख दाखवत जावं.

किती समजून सांगितलंय बघा! ज्या खोडीमुळे मी रोज रात्री तारांचे व्हिडिओ बघायला जातो, तीच खोडी माउली कामाला लावायला सांगतायत. मन सोकावणारच, ते त्याच्या स्वभावातच आहे. आपण त्याला पार्सलची गोडी दाखवली, ते तिथे सोकावलं. आता सुराची दाखवू या.

गिटारवर मी याचा सरळ अर्थ लावला. बसायचं ते थोडाच वेळ, पंधरा मिनिटं. त्यातली दहा मिनिटं जे येत नाही त्याला द्यायची, म्हणजे 'एफ' कॉर्ड, मेट्रोनोम अगदी सावकाश लावून. आणि शेवटची पाच मिनिटं जे येतं, जे आवडतं, तेच वाजवायचं. उठताना कानात गोडी राहिली पाहिजे, म्हणजे मन उद्या आपणहून येतं. जपालाही हेच लागू आहे. अकरा माळांचा पण करून ओढूनताणून संपवण्यापेक्षा एक माळ अशी करा की शेवटच्या मण्याशी 'अजून थोडं बसावं' असं वाटेल. आणि तिथेच उठा.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात असं सांगितलंय. तो पुष्कळ काळ चालायला हवा, मध्ये खंड नको, आणि आदराने व्हायला हवा. यातली तिसरी गोष्ट आपण विसरतो. आदर म्हणजे महाग सामान नव्हे. पंधरा मिनिटं ठरली की त्या वेळात दुसऱ्या कशाला आत येऊ न देणं, हा खरा आदर.

आणि खंड न पडणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात जा. मंडपात सात दिवस वीणा उभी असते. पहारा बदलला की एक वीणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, पण वीणा खाली टेकत नाही. त्या वीणेवर कुणी अवघड ताना घेत नाही. एकच साधा सूर, पण सात दिवस. मध्यरात्री तीन वाजता मंडपात चारच माणसं असतात तेव्हाही तो चालू असतो. आपली पंधरा मिनिटं म्हणजे आपला पहारा. आपण आपल्या पहाऱ्यापुरतं उभं राहायचं.

मी काय बदललं

उपदेश नको, जे केलं ते सांगतो. जमेल ते घ्या.

गिटार केसमधून काढून देव्हाऱ्याजवळच्या कोपऱ्यात उभी ठेवली. केस माळ्यावर टाकली. हात लांब केला की वाद्य हातात यायला हवं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. सूर लावायला गिटारच्या डोक्याला चिमट्याने बसवायचा छोटा ट्यूनर पुरतो. सूर लावायला दोन मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला वाजवायला सुरुवात.

सामानाचा विचार आलाच तर एका वहीत लिहून ठेवायचा आणि पुढे वाजवायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती वही उघडायची. टाकी लावायचा दिवस तो. पहिल्या महिन्यात नऊ गोष्टी लिहिल्या होत्या, रविवारी वाचल्या तेव्हा त्यातली एकच खरी गरज निघाली, तारांचा एक सेट.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. फक्त परत यायचं. मन जिथे जिथे भटकेल तिथून तिथून त्याला परत आणावं, असं याच अध्यायात २६ व्या श्लोकात सांगितलंय. किती वेळा आणायचं, याचा आकडा भगवंतांनी दिलेला नाही.

'एफ' कॉर्ड स्वच्छ वाजायला मला जवळजवळ तीन महिने लागले. गिटार तीच, ब्रिजवरची पट्टीही तीच. पेडल एका मित्राला देऊन टाकला.

आजीचा हात

आता दर संध्याकाळी हरिपाठ झाला की मी आजीजवळ बसतो. तीनच कॉर्ड वाजवतो, सी, एफ आणि जी. ती रामकृष्णहरि म्हणते. तिला गिटार नीट ऐकू येत नाही हे दोघांनाही माहीत आहे. पहिल्या दिवशी तिने जरा वेळ माझ्या बोटांकडे बघितलं, मग हात पुढे केला आणि तळवा गिटारच्या लाकडावर ठेवला. म्हणाली, "हां, आता येतंय."

तसाच हात ठेवून ती भजन म्हणते. कधी माझी कॉर्ड चुकते, खरखर होते, तिला ती हातालाही कळत असेल. तिने अजून एकदाही सांगितलेलं नाही.

गेलेली तीन वर्षं परत येणार नाहीत, ते दुःख आहेच. ते झाकण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. उलट तुमच्या घरात कुणी 'झालं का रे?' असं अजून विचारत असेल, तर आजच वाजवा, जसं येतं तसं, म्हणून लिहितोय. देवाच्या बाबतीत एक दिलासा मात्र आहे. त्याचे कान थकत नाहीत. आणि दुसऱ्या अध्यायातल्या ४० व्या श्लोकात त्याने सांगूनच ठेवलंय, की या वाटेवर केलेला प्रयत्न वाया जात नाही, आणि थोडंसं आचरणही मोठ्या भयातून सोडवतं. माझी ती भीती, की वाजवलं आणि आलंच नाही तर, पंधरा-पंधरा मिनिटांनी कधी गेली ते कळलंही नाही.

आजचा छोटा संकल्प: आज रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं. वाद्य असेल तर वाद्य, नाहीतर नाम. आहे त्या गिटारवर, आहे त्या माळेवर, आहे त्या मनाने. नवीन काही उघडायचं नाही, शोधायचं नाही, मागवायचं नाही. पंधरा मिनिटं झाली की देवाला नमस्कार करून उठायचं, आणि उद्या त्याच वेळी परत यायचं.

प्रार्थना: हे पांडुरंगा, तयारीच्या नावाखाली मी तुझ्यापासून लांब राहतो, हे तुला माझ्या आधीच माहीत होतं. माझं मन सोकावणारं आहे, त्याला तुझ्या नामाची गोडी लाव. माझं बेसूर आहे तेही ऐकून घे. जातं मी फिरवतो, खुंट्याला तेवढा तुझा हात लाव.

राम कृष्ण हरि!